यादीतला शेवटचा नंबर

शाळा चौथीपर्यंतच झाली, म्हणून शुद्धलेखन चुकेल. चष्मा नाही, म्हणून अक्षरही ओळ सोडून खाली घसरतं. त्याबद्दल आधीच माफी मागते, जरी ही वही कुणी वाचणार नसलं तरी. पण एवढं मात्र ठासून लिहिते, की आमच्या शेजारच्या काकांसारखा दुसरा माणूस मखमलाबादपासून त्र्यंबकेश्वरापर्यंत सापडायचा नाही.

काका निवृत्त कारकून. जुन्या कॅलेंडरांच्या पाठीमागे ते एकच यादी पुन्हा पुन्हा लिहितात: नाहीशा होत चाललेल्या जिवांपैकी आधी कोणाला वाचवायचं. गिधाड, रानपिंगळा, अंजनेरीकडचं कंदीलपुष्प. आठवड्यात नंबर तीनदा बदलतात. मला वाटायचं, जो जास्त आजारी तो पहिला. काका म्हणाले, "तसं नाही ताई. धोका किती, वाचण्याची आशा किती आणि त्याच्यासारखं दुसरं कुणी आहे का, हे तिन्ही बघायचं." मला नाही कळलं. मी रोपवाटिकेत कामाला आहे. उन्हाळ्यात पाणी कमी पडलं तेव्हा मी वाळलेल्या वांग्यांवर कळशी ओतत होते. काकांनी ती माझ्या हातातून काढून घेऊन अर्ध्या माना टाकलेल्या मिरच्यांना दिली. मिरच्या जगल्या, पण वांग्यांचं वाईट वाटायचं ते वाटलंच.

हाच हिशेब ते सगळीकडे लावायचे. लग्नाच्या पंगतीत आधी जिलेबी खायचे. म्हणायचे, "हिला सर्वांत जास्त धोका आहे." एकदा काकूंनी चिडून विचारलं, "आणि माझा नंबर कितवा हो?" काका पेन्सिल कानावरून काढत म्हणाले, "तुला धोका काहीच नाही, आणि सुधारण्याची आशा त्याहून कमी." काकूंनी दोन दिवस बिनसाखरेचा चहा दिला. काकांनी साखर यादीत पहिली लिहिली.

मागच्या पावसाळ्यात डोंगराच्या पायथ्याला एका शेताच्या बांधावर कंदीलपुष्पाची नऊ रोपं राहिली होती. कंदिलासारखी इवलीशी फुलं, आणि शेळ्यांना तीच आवडायची. शेतमालक कुंपणाला तयार झाला, पण जाळीला पैसे कमी पडले. मी चष्म्यासाठी साठवलेले पंधराशे रुपये काकांना उसने म्हणून पुढे केले. का केले, ते मला अजून सांगता येत नाही. जाळी लागली, शेळ्या बाहेर राहिल्या. परतफेडीचं मात्र काका म्हणाले, "तुमचे पैसे माझ्याकडे सुखरूप आहेत. धोका नाही, म्हणजे नंबर शेवटचा." मी महिनोन्‌महिने विचार केला, की हे बरोबर आहे की मला फसवलंय? लाजेपायी विचारलं नाही. सुईत दोरा शेजारणीकडून ओवून घेत राहिले.

यंदा बांधावर अकरा रोपं आली. ते सांगायला काका सकाळीच रोपवाटिकेत आले आणि त्यांनी माझ्या हातात पाकीट ठेवलं.

"मोजून घ्या."

"पण काका, माझा नंबर तर शेवटचा ना? पैशाला धोका नाय म्हणाला होता."

"यादी काल पुन्हा लावली." ते मिरचीच्या वाफ्याकडे बघत राहिले. "उद्या हृदयाचं ऑपरेशन आहे. काकूला सांगितलंय, जाळीवर लक्ष ठेव."

मी भलतंच विचारून बसले, "मग तुमचा नंबर कितवा, काका?"

ते हसले. "माझ्यासारखे निवृत्त कारकून ढिगानं पडलेत, ताई. मी यादीत बसत नाही."

हिशेब चुकलाय, काका, असं मला म्हणायचं होतं. तिसरा प्रश्न तुम्ही स्वतःला नीट विचारलाच नाही. ते उभे होते, म्हणून मी खाली मान घालून नोटा मोजल्या. नोटा डोळ्यांपुढे आणखीच पुसट झाल्या होत्या. पंधराशे. पुरते फिटले होते.