तो रोबो नाही, माहे बाबा चालून राह्यले

मंडळी, आज डोकं सरकलं हाय, म्हणून लिहून राह्यलो.

जगभर गाजलेला तो कम्प्युटरवर बनवलेला रोबोचा सिनेमा तुमी पाह्यलाच असंन. त्याची हरवलेली पहिली टेस्ट क्लिप जुन्या हार्डडिस्कमधे सापडली अन् आज सकाळी नेटवर आली. करड्या फरशीवर रोबो एकटाच चालते, बस.

मी पाह्यली अन् हातातला चहा तसाच राह्यला. ती माह्या बाबाची चाल होती.

माहा जिगरी दोस्त त्या सिनेमावाल्यायकडं कामाले हाय. सिनेमा बनायच्या आधी, त्याले तिथं नवीन नोकरी लागली तवा तो आमच्या गावी, किन्हीराजाले, घरी आठ दिवस राह्यला, आईच्या हातचं जेवला, अन् सोयाबीनमधून चालणाऱ्या बाबाचा व्हिडिओ काढला. मंग म्हणे, "खराब निंगाला, डिलीट केला."

आज त्यानंच क्लिपखाली लिहिलं, "ही चाल मला स्वप्नात सुचली."

स्वप्नात? अरे, मोकळ्या फरशीवर तुहा रोबो दर पावलाले पाय उचलून तिरपा काहून टाकते? पीक तुडवल्या जाऊ नये म्हणून बाबा तसे चालतेत! तुले चोरतानाही हे समजलं नाही.

शिव्या द्यायले मी फोन हातात घेतला. त्याच्या आधी बाबाले क्लिप दाखवली. त्यायनं दोनदा पाह्यली अन् हळूच म्हणाले, "मले सांगतलं असतं तं अजून चालून दाखवलं असतं."

तवापासून फोन हातातच हाय. आता तुमीच सांगा, त्याले काय बोलू?