काकीचा गृहपाठ

मी आठवीत असताना आमच्या नेरुळच्या घरात काकी लग्न होऊन आली. काका न्हावा शेवा बंदरात पाळीवर जायचे, आई-बाबाही कामावर. दुपारी मी शाळेतून आले की घरात आम्ही दोघीच. काकी साताऱ्याकडची, एकोणीस वर्षांची. दहावीला बाकी सगळ्या विषयांत पास, फक्त इंग्रजीत गेलेली. हे तिने मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं, मेथी निवडता निवडता, मान वर न करता.

"काकांना माहितेय?" मी विचारलं.

"व्हय. परत बस म्हणाले. पण मला शिकवणार कोण?"

आमची शाळा मराठी माध्यमाची. इंग्रजीच्या बाई रोज दहा वाक्यं द्यायच्या, एकही विरामचिन्ह नसलेली. पूर्णविराम, स्वल्पविराम, अवतरणचिन्हं आम्ही घालायची. मी वाक्य मोठ्याने वाचायचे आणि काकी पोळ्या लाटता लाटता ऐकायची. मग एक दिवस तिने पेन्सिल मागितली आणि माझ्याच वहीच्या मागच्या पानांवर लिहायला लागली. पूर्णविराम इतका दाबून द्यायची की पुढच्या पानावरही टिंब उमटायचं.

अवतरणचिन्हं तिला लगेच जमली. "कोण बोललं अन् कुठवर बोललं, एवढंच बघायचं ना?" म्हणाली. घोळ व्हायचा तो क्रियापदाच्या 'एस'चा. 'ही गोज' का आणि 'दे गो' का, हे मी बाईंसारखंच समजावून बघितलं, पण तिच्या गळी उतरेना. दोन-तीन दिवसांनी भांडी घासताना तीच म्हणाली, "एकटाच चाललाय म्हणून सोबतीला एस दिलाय बघ. चार माणसं असली की कशाला लागतोय?" पुढे तिचं ते कधी चुकलं नाही. माझंही नाही.

एकदा वही तपासताना बाईंच्या हाताने मागची पानं उलटली गेली. त्यांनी मला टेबलाजवळ बोलावलं.

"हे अक्षर तुझं नाही. गृहपाठ कोण करून देतं तुला?"

मला रडूच आलं. रडत रडत काकीचं सगळं सांगून टाकलं. बाईंनी वही ठेवून घेतली. घरी काकीला सांगितलं तर तिचा चेहरा उतरला. "माझ्यापायी तुला बोलणी बसली," एवढंच म्हणाली आणि त्या दिवशी पेन्सिलीला हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी वही परत मिळाली. पुढची पानं नेहमीसारखी तपासलेली आणि मागचीही. काकीच्या प्रत्येक चुकीशेजारी लाल शाईत बरोबर उत्तर, आणि खाली मराठीत दोन ओळी: 'अक्षर चांगलं आहे. स्वल्पविराम विसरू नका.'

काकीने ते दोनदा वाचलं. "विसरू नका, असं लिहिलंय. मला अहोजाहो केलंय," ती म्हणाली. मग हात पुसून तिथंच लिहायला बसली.

त्यानंतर दर शनिवारी बाई दोघींचं तपासायच्या. ऑक्टोबरच्या परीक्षेला काकी माहेरी गेली. पुढे तिचा भाऊ गुणपत्रिका घेऊन आला. इंग्रजीत एकोणचाळीस. आईने शिरा केला. बाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "पालकसभेला त्यांनाच घेऊन ये."

काकी लग्नातली हिरवी साडी नेसून आली. बाईंनी तिला बसायला खुर्ची दिली, आता बारावीचा फॉर्म भरा म्हणाल्या, बाहेरून बसता येतं हेही समजावून सांगितलं. काकी नुसती मान हलवत राहिली. उठताना कसंबसं "थँक्यू" म्हणाली.

शाळेच्या फाटकाबाहेर आल्यावर ती रडवेली झाली.

"एक वाक्य पाठ करून आलेली मी. तोंडातून निघालंच नाही."

"कोणतं?"

तिने रस्त्याच्या कडेला उभं राहून म्हणून दाखवलं, "मॅडम, यू चेक्ड माय होमवर्क. आय ॲम पास."

"आय हॅव पास्ड," मी म्हणाले.

ती थांबली, पुटपुटली आणि मान डोलावली. बिल्डिंग येईपर्यंत तेच घोकत राहिली. जिन्यात शेजारच्या काकू भेटल्या, त्यांनी कुठं गेला होतात विचारलं, तर काकीने हसून त्यांनाच ते वाक्य ऐकवलं. सोमवारी मी बाईंना ते जसंच्या तसं सांगितलं. बाईंनी चष्मा काढून पदराला पुसला, आणि म्हणाल्या, "त्यांना सांग, बरोबर आहे."

काकीने पुढे बारावीही केली.