रशियातली संकष्टी

माझ्या बहिणीच्या नवऱ्याबरोबर प्रवास करू नये, हे मला त्यांच्या लग्नापासून माहीत होतं. जानवशापासून कार्यालय हाकेच्या अंतरावर होतं, पण मधल्या गल्लीत बघायला माणसं नव्हती, म्हणून वरात बाजारपेठेतून वळसा घालून आली आणि मुहूर्त हुकता हुकता राहिला. नवरदेव घोड्यावरून हात हलवत होते. तो हात त्यांनी अजून खाली घेतलेला नाही.

तरीही मी त्यांच्याबरोबर उन्हाळ्यात रशियाला गेले, कारण ताईला मधुमेह आहे आणि भावोजींना श्रोते लागतात. दोघांना एकमेकांच्या भरवशावर सोडण्याची माझी छाती झाली नाही.

भावोजी चीफ इंजिनियर होते. अर्धं आयुष्य मालवाहू बोटींच्या पोटात काढून आता ते सिंगापुरात, बोटी सांभाळणाऱ्या एका कंपनीच्या ऑफिसात बसतात आणि बुकित बातोकच्या कॉन्डोत राहतात. मी सिंगापुरातच, क्वीन्सटाउनला एकटी राहते आणि सॉफ्टवेअरवाल्यांनी लिहिलेलं इंग्रजी माणसांना कळेल असं करण्याची नोकरी करते. रविवारी मी ताईकडे जेवायला जाते. जेवण ताईचं असतं, भाषण भावोजींचं.

लग्नानंतर पहिल्याच वर्षी भावोजींच्या बोटीची बरेच दिवस काही खबर लागली नव्हती. ताई तेव्हा चिंचवडला सासरी होती. हे सुखरूप परत येऊ देत, मी संकष्टी धरीन, असं ती गणपतीला बोलली. भावोजी आले. पुन्हा गेले, पुन्हा आले. ताई गच्चीवर जाऊन चंद्र बघायची, नैवेद्य दाखवायची आणि मग जेवायची. दिवसा साबुदाण्याची खिचडी, रताळं, दाण्याचा लाडू असं सगळं चालायचं. तो माणसात राहून करायचा उपास होता.

भावोजी बोट सोडून कायमचे किनाऱ्यावर आले. उपास मात्र किनाऱ्याला लागला नाही. उलट तो वाढला. इथल्या मराठी मंडळींच्या एका कार्यक्रमात भावोजींच्या हाती माईक आला आणि ते म्हणाले, "माझ्या बोटीला दोन इंजिनं होती. एक खाली, एक घरी. आणि घरचं इंजिन संकष्टीला साबुदाण्याचा दाणासुद्धा घेत नाही!" टाळ्या पडल्या. ताई पहिल्या रांगेत बसली होती. त्या दिवसापासून तिला चारचौघांत साबुदाणा खाता येईना, आणि पुढे घरातही येईना. चहा आणि पाणी, बस.

मग मधुमेह निघाला. पॉलिक्लिनिकच्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या आणि बजावलं की गोळी घेऊन उपाशी राहिलात तर साखर एकदम खाली जाईल, वेळेवर जेवायचं. भाचीने बापाला सांगितलं, "पापा, डॉक्टर सेड नो फास्टिंग, ओके? डोन्ट बी लाइक दॅट लाह." भावोजी म्हणाले, "अगं, मी कुठे काय म्हणतोय? तिची श्रद्धा आहे." श्रद्धा स्वयंपाकघरात भांडी आवरत होती. मला ताई म्हणाली, "सोडायला काही नाही गं. पण यांनी इतक्या लोकांना सांगून ठेवलंय."

रशियाचा बेत भावोजींनीच आखला. मॉस्को, पीटर्सबर्ग, आणि शेवटी एक खेडं. ज्या कॅप्टनच्या हाताखाली त्यांनी अनेक वर्षं काढली तो तिथे निवृत्त होऊन राहत होता आणि दर नवीन वर्षाला बोलावत होता. कार्यक्रमाचा कागद बघताना माझ्या लक्षात आलं की खेड्यातल्या दिवशी संकष्टी येते.

"भावोजी, तिथे जूनमध्ये दिवस संपत नाही. ताई चंद्राची वाट किती बघणार?"

"चंद्र तिथेही तोच आहे, मेहुणीबाई."

"चंद्र तोच आहे. सूर्य वेगळा वागतो."

ते हसले. मी बोलते त्यावर ते नेहमीच हसतात. उत्तर देण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

शहरांबद्दल फारसं चांगलं लिहिण्यासारखं माझ्याकडे नाही. मॉस्कोत भुयारी रेल्वेच्या स्टेशनांत झुंबरं आहेत. आमच्या सिंगापूरच्या एमआरटीच्या स्टेशनात झुंबर नसतं, वर जाणारा सरकता जिना असतो आणि सहसा तो चालू असतो. झुंबराखाली उभे असलेले लोक वर बघत नव्हते. त्यांचे चेहरे कुठल्याही शहरातल्या नोकरदारांचे होते. वर बघत होते फक्त भावोजी, आणि त्यांच्या फोटोसाठी आम्ही. बसथांब्यांवर सैन्यात भरती व्हा अशी चित्रं होती. त्यांतल्या तरुणांचे दात फार पांढरे होते. आमची कार्डं कुठेच चालत नव्हती आणि फोनचं इंटरनेट मधूनच, कुणाच्या तरी हुकमाने, नाहीसं व्हायचं. त्याबद्दल हॉटेलातल्या मुलीला विचारलं तर ती म्हणाली, "हवामान." आकाश निरभ्र होतं. ती मुलगी मला त्या देशात भेटलेली पहिली हुशार व्यक्ती.

पीटर्सबर्गला राजवाडा. खोलीमागून खोली, आणि प्रत्येक खोलीत सोनं. सोनं इतकं असलं की शेवटी ते पितळेसारखं दिसतं. खुर्च्या पुष्कळ होत्या, सगळ्यांना दोऱ्या बांधलेल्या. ताईचे पाय भरून आले म्हणून ती एका खिडकीच्या कट्ट्याला टेकली, तर कोपऱ्यातून एक राखणदार बाई अशी धावली की जणू ताई गादीवर हक्क सांगायला आली होती. भावोजींनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "काय वैभव होतं, नाही?" मी म्हटलं, "हो, म्हणून तर लोकांनी धरून मारलं त्यांना." यावरही ते हसले.

खेड्याला गाडीने गेलो. रस्ता सरळ, लांब आणि खड्ड्यांचा. दोन्ही बाजूंना पांढऱ्या सालीची झाडं. लहानपणी प्रदर्शनात स्वस्तात मिळणाऱ्या, गुळगुळीत कागदाच्या, मराठीत आणलेल्या रशियन गोष्टींमध्ये ही झाडं होती. डास तेवढे त्या गोष्टींत नव्हते, ते अनुवादकाने गाळले असावेत. मधूनच कुलूप लावलेली लाकडी घरं दिसत, खिडक्यांच्या चौकटी सुंदर कोरलेल्या आणि आत छप्पर बसलेलं. त्या घरांसमोर गाडी थांबवायची मला इच्छा होती. भावोजी म्हणाले, "पडकं काय बघायचं?"

कॅप्टन फाटकात उभा होता. उन्हात घाम गाळत, गणवेशाचा जाड कोट घालून, छातीवर पदकं लावून. त्याला बघताच भावोजींनी सलाम ठोकला आणि मला एकदम कळलं की हे शिक्षण त्यांनी कुठे घेतलं. कॅप्टनची बायको मागे उभी होती. उंच, हाडकुळी, न हसणारी. तिने आमच्याकडे, मग आमच्या बुटांकडे पाहिलं आणि पायाने सपाता पुढे सारल्या.

सफरचंदाच्या झाडाखाली टेबल मांडलं होतं. उकडलेले बटाटे, काकड्या, बीटाची कोशिंबीर, मासे, घरचं चक्क्यासारखं काहीतरी. सगळ्यावर शेपू. लहानपणी ताई आणि मी ताटातला शेपू एकमेकींच्या ताटात ढकलायचो. आता इथे तो जगभरातून गोळा करून आमच्यासाठी ठेवला होता.

तिथली पद्धत अशी की पेला उचलून भाषण करायचं आणि ते संपेपर्यंत कुणी घास घ्यायचा नाही. कॅप्टनने समुद्रासाठी भाषण केलं. भावोजींनी मैत्रीसाठी केलं. कॅप्टनने बुडालेल्यांसाठी केलं. भावोजींनी दोन महान देशांसाठी केलं. मधल्या फटींतून सगळे भराभर खात होते. ताईपुढची ताटली रिकामी होती.

कॅप्टनच्या बायकोने त्याला काहीतरी विचारलं. कॅप्टनने बोटीवरच्या इंग्रजीत आम्हाला सांगितलं, "ती विचारते, तिचं अन्न घाण आहे का?"

भावोजी उठले. पत्नीचं व्रत, देव, चंद्र, समुद्र आणि स्वतःचं सुखरूप येणं, असं सगळं त्यांनी उभं राहून सांगितलं. कॅप्टनचे डोळे भरून आले. बाईचे आले नाहीत. तिने वर बघितलं. सूर्य झाडांच्या बराच वर होता, जेवणाची वेळ कधीच होऊन गेली होती. तिने खांदे उडवले आणि ताईच्या ताटलीत न विचारता दोन बटाटे टाकले.

मी ताईकडे पाहिलं. तिच्या वरच्या ओठावर घाम होता. वारा गार होता. ती चमच्याकडे टक लावून बघत होती, चमचा म्हणजे काय हे आठवत असल्यासारखी.

"ताई, गोळी घेतली होतीस सकाळी?"

"हं."

"हात बघू." हात थरथरत होता. मी पर्समधून ग्लुकोजची वडी काढली. ताईने नको म्हणून मान हलवली आणि नवऱ्याकडे बघितलं.

"अगं, थोडं राहिलंय आता," भावोजी मराठीत म्हणाले. "इतकी वर्षं मोडलं नाहीस."

"थोडं?" मी म्हटलं. "इथे चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो. तुम्हीच फोनवर बघितलंत."

"मेहुणीबाई, प्रत्येक गोष्टीत—"

"सिंगापूरला उगवून काही तास झाले. घरचा चंद्र धरा."

"असं नसतं. आपण जिथे असू तिथला चंद्र. शास्त्र आहे." आणि त्यांनी काकडीचा तुकडा तोंडात टाकला.

तो काकडीचा आवाज मला अजून ऐकू येतो. ताईलाही आला असावा. ती सावकाश, जड जिभेने बोलली.

"अहो, तुम्ही ब्राझीलला होतात तेव्हा मी कुठला चंद्र बघायचे?"

"म्हणजे?"

"चिंचवडचा बघायचे. गच्चीवरून. तो तुमच्याकडे उगवलेलाही नसायचा. चालला ना?"

"अगं, ते वेगळं."

"आलात ना परत?"

भावोजींनी टेबलाभोवती पाहिलं. मदतीला कुणी नव्हतं. कॅप्टनला मराठी येत नव्हतं आणि मला येत होतं.

"आलो," ते म्हणाले.

"मग झालं," ताई म्हणाली. तिने माझ्या हातातली वडी घेऊन तोंडात टाकली. जरा वेळ डोळे मिटून बसली. मग बटाटा फोडला आणि शेपूसकट खाल्ला. दुसराही खाल्ला. हात थांबेपर्यंत मी तिचं मनगट सोडलं नाही. बाईने तिच्यापुढे पाव सरकवला, अजून न हसता.

कॅप्टन पेला धरून ताटकळला होता. काय झालं, त्याने विचारलं. आणि माझ्या बहिणीच्या नवऱ्याने, क्षणाचाही विलंब न लावता, छाती पुढे काढून सांगितलं, "कॅप्टन, तुमच्या घराच्या सन्मानार्थ माझ्या पत्नीने आज व्रत पूर्ण केलं!" कॅप्टनने उठून त्यांना मिठी मारली. पदकं खणखणली. त्यानंतर ताईच्या नावाने जे भाषण झालं ते सगळ्यांत लांब होतं, आणि ताईने ते पद्धत मोडून, खात खात ऐकलं.

सिंगापूरला परतल्यावर भावोजींनी कॉन्डोची फंक्शन रूम घेतली. उद्यापन करायचं म्हणाले. ताई म्हणाली, "झालंय ते. बटाट्यावर." ऐकतात कसले! गुरुजी आले, केटरर आला, पडद्यावर झुंबरं आली. चोआ चू कांगहून, कुठून कुठून मंडळी आली. भावोजींनी सांगितलं की रशियाच्या भूमीवर, मावळतीच्या साक्षीने, आम्ही एक मोठा निर्णय घेतला. आम्ही! मी मागच्या रांगेत बसून मसालेभात खात होते. डॉक्टरीणबाईंचा उल्लेख आला नाही. काकडीचाही नाही.

मग श्रोत्यांतून एका आजींनी विचारलं, "म्हणजे तुमच्या घरी आता संकष्टी बंद?"

माईक हातात होता. सगळे बघत होते. भावोजी म्हणाले, "बंद कशी होईल? इतकी वर्षं तिने धरली. आता माझी पाळी." टाळ्या अशा पडल्या की गुरुजींनीही वाजवल्या. पहिल्या रांगेत ताईने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. कित्येक वर्षांत मी तिला इतकं मोकळं हसताना पाहिलं नव्हतं.

पुढच्या संकष्टीला मी मुद्दाम त्यांच्याकडे गेले. ताईने दुपारी वेळेवर जेवण केलं होतं. संध्याकाळी साडेसातला तिने आमच्या दोघींची पानं घेतली. आमटी, भात, शेपूची भाजी. आता तिला ती आवडते म्हणे. भावोजी समोर बसले होते. दुपारी खिचडी खाऊन झाली होती, रताळी झाली होती, केळी झाली होती, आणि तरी त्यांचा चेहरा दीर्घकाळ समुद्रात अडकलेल्या माणसासारखा होता.

"अगं, मोदक किती केलेस?"

"डब्यात आहेत. चंद्र उगवला की नैवेद्य दाखवा आणि घ्या वाढून."

ते उठून बाल्कनीत गेले, वाकून समोरच्या इमारतीच्या वर बघून आले, पुन्हा बसले. ताईने भात कालवला. भावोजी ताटाकडे बघत राहिले. मग माझ्याकडे वळून, या घरात पहिल्यांदाच हलक्या आवाजात, म्हणाले, "मेहुणीबाई, तुमच्या बाजूने दिसतंय का हो काही?"

मी खिडकीकडे न बघताच म्हटलं, "ढग आहेत."