फाटकावर थांबणारी गाडी

मंडळी, दुपारी जे झालं ते अजून डोक्यातून जात नाही, म्हणून इथं लिहितेय.

जुनी ऑटोमॅटिक गाडी बघायला लातूरहून उदगीरला गेले होते. दोन क्लचवाला गिअरबॉक्स. मालक काका शेजारी बसले, चालवायला मी. मोकळ्या रस्त्यावर गाडी इतकी मस्त पळाली की मनातल्या मनात मी ती घेऊनच टाकली.

परतताना रेल्वे फाटकावर रांग लागलेली. फाटक उघडलं, आम्ही इंच इंच सरकत रुळांवर आलो आणि गाडी थरथरली. मग ओढच गेली. इंजिन चालू, समोर गिअरचा ‘डी’ दिसतोय, मी ॲक्सिलरेटर दाबतेय, पण गाडी हलेना. तेवढ्यात फाटकाची घंटा वाजायला लागली.

काका एकदम शांत. "घाबरू नका ताई. गाडीत काही न्हाई, ही जागाच वाईट हाय. इथं लई वेळा थांबती."

लोकांनी ढकलून पलीकडं काढली. अशा गिअरबॉक्सचे क्लच रांगेत सरकताना तापून सुटतात आणि गार झाले की परत धरतात, हे मी वाचलं होतं. विचारलं, "मेकॅनिकला दाखवली का?"

"जागेला मेकॅनिक काय करणार?"

त्यांनी डिकीतून नारळ काढला, गाडीवरून ओवाळला आणि चाकापाशी फोडला. थोड्या वेळानं गाडी चालू केली, तर काही झालंच नाही अशी निघाली. काका माझ्याकडं बघून हसले.

डिकीत नारळांचं पोतं होतं. अर्धं रिकामं.

जुनी गाडी घेताना बॉनेट तर सगळेच उघडतात. तुम्ही डिकी बघता का?