वंशावळवाली

ऑफिसात तिला सगळे वंशावळवाली म्हणत. दुकानादुकानांत कार्डाने पैसे घ्यायची जी मशिनं असतात, त्यांतलं कुठलं मशीन कुठल्या दुकानाखाली, दुकान कुठल्या मालकाखाली आणि मालक कुठल्या बँकेखाली, ही उतरंड कॉम्प्युटरवर लावायची, हेच तिचं काम. वरचा बंद केला की खालचे सगळे आपोआप बंद.

आज नेमकं तेच झालं. चपलांची दोन दुकानं चालवणाऱ्या दोघा भावांपैकी थोरल्याने गाशा गुंडाळला. तिने त्याची नोंद बंद केली आणि धाकट्याचं मशीन भर गर्दीत मुकं झालं.

धाकटा फोनवर कडाडला, "बाई, दुकान माझं, गिऱ्हाईक माझं, मग मी दादाच्या खाली कशाला?"

"दहा वर्षांपूर्वी तसं लावलं होतं," ती ओशाळून म्हणाली. लावणारीही तीच होती. तिने त्याला उचलून थेट बँकेखाली टाकलं. काम पाच मिनिटांचं, पण नंतर तिचं कशात म्हणून लक्ष लागेना. पाणी प्यायला तीनदा उठली, केलेली यादी पुन्हा करत बसली.

नवरा गेल्यापासून तीही दादाकडेच राहत होती. संध्याकाळी घरात शिरली ती पर्सही खाली न ठेवता म्हणाली, "दादा, मी वेगळी खोली बघतेय."

वहिनीने दादाकडे पाहिलं. दादाने टीव्ही बंद केला.

"बरं झालं, तूच विषय काढलास," तो म्हणाला. "हे घर विकलंय मी. महिनाअखेरीला ताबा द्यायचाय."