चाळीस किलोमीटरचे बटाटे

आमच्या शेजारच्या ट्रक ड्रायव्हरला आम्ही सगळे ‘किलोमीटर’ म्हणतो. घड्याळ त्याच्या मनगटावर असतं, पण ते नुसतं शोभेला. दाढीला त्याला तीन किलोमीटर लागतात, बायकोशी भांडायला वीस.

वीस वर्षं बाहेरचं तेलकट खाऊन त्याने पोटाची पार वाट लावून घेतली होती. लायसन्सच्या तपासणीत डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, “महिनाभर तळलेलं बंद. मग दाखवायला या. पोट पुन्हा दुखलं तर मी सही करणार नाही.” सही नाही म्हणजे गाडी नाही, आणि गाडी नाही म्हणजे हा माणूस दिवसभर घरात. वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं ते नेमकं कशाने, हे मी विचारलं नाही.

त्या महिन्याच्या शेवटच्या फेरीला मला बहिणीकडे जायचं होतं, तर फुकटात बसलो त्याच्या गाडीत. निघताना वहिनींनी मला बाजूला घेतलं. “भावजी, लक्ष ठेवा हं. ह्यांनी काही तळलेलं खाल्लं तर मला फोन करा.” असली कामं मी मनापासून करतो.

तीन दिवसांचा शिधा एका खोक्यात मावला होता. अंडी तांदळात पुरलेली, काकड्या ओल्या फडक्यात गुंडाळून खिडकीशी वाऱ्याला टांगलेल्या. आधी काय खायचं ते नासण्याच्या क्रमाने ठरलेलं. “काकडी आज, टोमॅटो उद्या. कांद्याची काळजी नको, तो आपल्यापेक्षा टिकतो,” किलोमीटर म्हणाला. बटाटे फॉइलमध्ये गुंडाळून तो इंजिनावर एका कोपऱ्यात ठेवायचा. चाळीस किलोमीटरला बटाटा तयार! दोन दिवस मी मीठ-लिंबू लावून खाल्ला आणि खोटं कशाला बोलू, बोटं चाटली.

तिसऱ्या दिवशी दुपारी एका अरुंद पुलावर ट्रेलर अर्धवट आडवा झाला. बटाटे ठेवून तेव्हा अकरा किलोमीटर झाले होते. रांग मुंगीसारखी सरकत होती, त्यामुळे इंजिन चालूच. एक तास गेला. दोन गेले.

“अहो, बटाटे काढा की!”

त्याने मीटर बघितला. “अजून सत्तावीस बाकी आहेत.”

“वास येतोय, राव!”

“पुढच्या गाडीचा असेल. कच्चा बटाटा पोटाला वाईट.”

तिसऱ्या तासाला धूर आला तेव्हा गडी खाली उतरला. फॉइल उघडलं तर आत कोळसे. खोक्यात उरला होता एक कांदा, अर्धं लिंबू, मूठभर शेंगदाणे आणि विटेसारखा पाव.

नेमका तेव्हाच एकजण टोपलीत गरमागरम तळण घेऊन रांगेतून आला. मी कशाला मागे राहतो? पुडी घेतली. किलोमीटर नुसता बघत राहिला. मग त्याचा हात हळूच पुडीकडे आला. मी लक्ष ठेवायला होतो ना? पण तोंड भरलेलं असल्यामुळे मला काही बोलता येईना.

हात पुडीवर थांबला. “वास तरी फुकट आहे ना?” म्हणत त्याने तो मागे घेतला, पाव पाण्यात बुडवला, त्यावर लिंबू पिळलं आणि शेंगदाण्यांबरोबर एकेक घास असा चावला की जणू पंगतीत बसलाय. मी पुडी घेऊन ट्रकच्या मागे गेलो. समोर खायला लाज वाटली. टाकून द्यायला मात्र नाही वाटली.

रात्री पोट दुखलं ते माझं.

परतल्यावर आम्ही दोघेही त्याच डॉक्टरांकडे. त्यांनी किलोमीटरचं पोट चारी बाजूंनी दाबलं. “दुखतंय?”

“नाही.”

“इथे?”

“गुदगुल्या होतात.”

वहिनी माझ्याकडे बघत होत्या. “भावजी, तुम्ही काय खाल्लंत?” मी छताचा पंखा न्याहाळू लागलो.

डॉक्टरांनी पेन उचललं. आडदांड गडी, पण श्वास रोखून त्या पेनाच्या टोकाकडे बघत होता. सही झाली. वहिनींनी कागदासाठी हात पुढे केला, तर हा खुर्चीतून हलेना.

“आता काय?” डॉक्टरांनी विचारलं.

“शिक्कापण मारा ना, साहेब,” तो म्हणाला. “जरा जोरात.”