फकीरभाईंच्या खुणा

तेरमध्ये फकीरभाई गाद्या भरतात. त्यांना जन्मापासून ऐकू येत नाही, बोलता येत नाही. शाळेतही कुणी घातलं नाही. धाकटी बहीण उम्मेहानी पाच वर्षांची असल्यापासून त्यांचं म्हणणं लोकांना सांगत आली. दोघांच्या खुणा घरातच तयार झालेल्या. नाकाजवळ चिमूट नेली की तपकीर ओढणारी अम्मी. गालावर बोट घासलं की उम्मेहानी, कारण लहानपणी तिचं काजळ कायम गालावर उतरलेलं असायचं. नवरा वारल्यावर ती माहेरी आली, ती भावाजवळच राहिली.

गेल्या वर्षी दोघं मक्केच्या यात्रेला, उमऱ्याला निघाली. हैदराबादला पासपोर्ट तपासणाऱ्या बाईंनी त्यांना शेजारी शेजारी उभं राहू दिलं. जेद्दाच्या विमानतळावर मात्र पिवळ्या पट्टीपुढं एकेकालाच सोडत होते.

"त्यांना ऐकू येत न्हाय हो," उम्मेहानी शिपायाला सांगू लागली. मराठीत सांगितलं, दखनी उर्दूत सांगितलं. त्याला काहीच कळेना.

फकीरभाई एकटेच काचेपुढं गेले. तरुण अधिकाऱ्यानं काहीतरी विचारलं. त्यांनी कानाला हात लावून मान हलवली.  मग ठसे कसे द्यायचे हे सांगायला अधिकाऱ्यानं स्वतःची चार बोटं टेबलावर टेकवून दाखवली, नंतर दोन्ही अंगठे, मग कॅमेऱ्याकडं बोट केलं. फकीरभाईंनी तसंच केलं आणि पासपोर्ट घेऊन पलीकडं गेले.

आता उम्मेहानीची पाळी. अधिकारी बोलायला लागला, पण तिला एक शब्द कळेना. ती नुसता पासपोर्टच पुढं सारत राहिली. मागची माणसं चुळबुळायला लागली. रडवेल्या डोळ्यांनी तिनं समोर पाहिलं, तर काउंटरपलीकडं भाऊ उभे होते. त्यांनी गालावर बोट घासलं. मग चार बोटं हवेत टेकवली, दोन अंगठे दाखवले, मान वर केली. ती एकेक करत गेली. अधिकारी वळून फकीरभाईंकडं पाहून हसला आणि त्यानं तिचा पासपोर्ट परत दिला.

गावी आल्यावर महिन्याभरानं फकीरभाई कापूस आणायला एकटेच धाराशिवच्या एसटीत चढले. आजवर एकटे कधी गेले नव्हते. थांब्यावर शेजारची पार्वतम्मा काळजीनं म्हणाली, "अगं, कंडक्टरला तरी सांगायचं व्हतंस."

"ते सांगतील की," उम्मेहानी म्हणाली. गाडी हलली तशी तिनं पदरानं डोळे पुसले. "इतकी वर्षं म्याच बोलत ऱ्हायले, पार्वतम्मा. त्यांना कुणाशी बोलूच दिलं न्हाय."